कोणत्या कोठीचे कोठीवाले

राउटबोडेन, स्वित्झर्लंड
२२ जून २०२५

आत्या,

आता ते भांडी घासण्याचं बंद करा ना. मागच्या एका पत्रात तुम्ही तीनदा लिहिलं. इथे भांडी मशीन घासते आणि मशीनवर श्रीलंकेचा कुमारन आहे. मी कांदा चिरतो, रवा भाजतो, वरण लावतो, आणि आमचे आचारी रामकृष्ण महाराज यांची कंबर धरली की फोडणीपण मीच देऊन राहिलो. बाबांना तुम्ही हे सगळं सांगता, की नुसतं "बरा आहे" म्हणून मोकळ्या होता?

फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही. मग मी ओरडतो, आणि सुशांतने आज काय खाल्लं ते पूर्ण मदन महालला कळतं. बाबा तर फोन हातात घेतच नाहीत. एप्रिलमध्ये स्टेशनवर जे बोलले, "कोठीवाल्यांचा पोरगा दुसऱ्याच्या चुलीपाशी चालला," त्याच्यानंतर एक शब्द नाही. पैसे पाठवतो म्हटलं तर तुमच्याकडून त्यांचा निरोप, की आत्याच्या खात्यात टाक, माझ्या नको. ठीक आहे. दहावी नापास पोराला त्यांनी आयटीआयला घालायचं पाहिलं, मी पळालो. माझी चूक मला माहीत आहे. पण दोन महिने झाले.

चलो, ते जाऊ द्या. गावाबद्दल विचारलं होतं ते सांगतो. राउटबोडेन आमच्यातल्या कोणालाच म्हणता येत नाही. महाराज रावतबोदन म्हणतात, जसं काही कोण्या रावतसाहेबाचं आहे. चारी बाजूंनी पहाड, जूनमध्येही वर बर्फ. टूरवाले आपल्याकडची माणसं बसमधून आणतात. ती बर्फ पाहतात, खाली येतात आणि विचारतात, पोहे आहेत का. म्हणून आम्ही आहोत.

चौकात पाटी आहे. कुमारनने वाचून दाखवली. गावाची वस्ती बाराशे, आणि हॉटेलांच्या खाटा पाच हजार. मतलब एका माणसामागे चार खाटा. आपल्या घरी तीन माणसं आणि दोन पलंग होते. मी विचारात पडलो की एवढ्या खाटा लावणारे हे बाराशे लोक आहेत तरी कोण. शनिवारी पाऊस होता, दुपारी सुट्टी होती, तर फायर ब्रिगेडच्या वर एका खोलीत गावाचं म्युझियम आहे, तिथे शिरलो. फुकट होतं.

तिथे वेरेना आजी बसते. ऐंशीच्या वर असेल. तिची इंग्रजी माझ्यापेक्षा थोडीच बरी आहे, म्हणून आमचं जमलं. भिंतीवर जुना फोटो होता. दोन माणसं दांड्यांना बांधलेली खुर्ची खांद्यावर घेऊन पहाड चढतात आणि खुर्चीत टोपीवाली बाई. मी विचारलं, राणी आहे का? ती म्हणाली, नाही, गिऱ्हाईक. पुढचा माणूस तिचा पणजोबा. इथे अर्ध्या गावाचं आडनाव एकच आहे, म्हणून घरावरून ओळखतात. कोणी घंटावाले, कोणी पाववाले. हिचं घर खुर्चीवाल्यांचं. घराच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी खुर्ची रंगवून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

मग तिने माझं विचारलं. मी म्हटलं, कोठीवाले. मतलब काय? मी ऐटीत सांगितलं, ज्यांचा मोठा बंगला होता ते. तिने माझ्या एप्रनकडे पाहिलं. हसली नाही. फक्त म्हणाली, कोणत्या रस्त्यावर?

आत्या, मला सांगता नाही आलं. आपली कोठी कोणत्या रस्त्यावर होती?

सुशांत

*

मदन महाल, जबलपूर
९ जुलै २०२५

प्रिय सुशांत,

"पूर्ण मदन महालला" नव्हे, "सगळ्या मदन महालला". "का"च्या जागी "काहून" या वेळी लिहिलं नाहीस, त्याबद्दल शाबासकी. दहावीत तू मराठीत पास झाला होतास हे मी अजून लोकांना सांगते.

आता मुद्द्याचं. कोठीचा पत्ता तुला कशाला हवा? तिथे कोणी वकील भेटला का? शेजारच्या शिवहरेंचा मुलगा असाच कॅनडाला गेला, आणि वर्षभरात वाटणीची नोटीस आली. कोठीत तुझा हिस्सा, माझा हिस्सा, असं काही डोक्यात असेल तर काढून टाक. तुझ्या पणजोबांच्याही आधी ती हातची गेली. आम्ही भावंडं सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो आणि हा दोन खोल्यांचा फ्लॅट दादाने, तुझ्या बाबाने, निवृत्तीच्या पैशातून घेतला. वाटणी करायची तर बाल्कनीतल्या कुंड्या आहेत.

कोठी सिव्हिल लाइन्सला होती असं आमचे बाबा सांगत. रिक्षातून जाताना बोट दाखवायचे, ती बघा आपली. पिवळा बंगला, पुढे कडुनिंब. तुझ्या प्रश्नाने मला आठवलं, की एकदा त्यांनी लाल बंगलाही दाखवला होता. मी लहान होते, माझा घोटाळा झाला असेल. दादाला विचारलं नाही. त्याला हल्ली तुझ्या पत्रातलं काही विचारलं की तो पंखा पुसायला घेतो.

तुझ्या पाटीचं वाचून मात्र गंमत वाटली. जनगणनेच्या ड्यूटीवर मला विजय नगर दिलं होतं, ती वसाहत नवी होत होती तेव्हा. घरं रांगेने उभी आणि निम्म्यांना कुलूप. कोणी भिलाईला, कोणी आर्मीत, कोणी नुसतंच घेऊन ठेवलेलं. वर लिहायचं "बंद घर" आणि पुढे जायचं. एक म्हातारे गृहस्थ मागे लागले, की माझे तिन्ही मुलगे लिहा, मुंबईत आहेत पण घर त्यांचंच आहे. मी म्हटलं, जी, नियमात बसत नाही. ते म्हणाले, मग नियमाला सांगा, दिवाळीला येऊन बघ. तर तुझे बाराशे कसे मोजले, ते त्या आजींना विचार. झोपणारे मोजले की घर असणारे?

दादाने शैलेंद्रजींशी बोलून ठेवलं आहे. विजय नगरला त्यांचं रंगाचं दुकान आहे, तिथे काउंटरवर बसायचं. ऑक्टोबरात तुमचा सीझन संपतो, नोव्हेंबरपासून ये म्हणतात. हे दादाने मला सांगितलं, तुला सांग असं म्हणाला नाही. पण मग मला का सांगितलं?

स्वेटर घालत जा.

आत्या

*

राउटबोडेन
३ ऑगस्ट २०२५

आत्या,

वकील नाही, काही नाही. इथे वकिलाला भेटायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात कुंड्यांसकट बाल्कनी येईल.

आजीला विचारलं. ती म्हणाली, पाटीवर ते आहेत ज्यांचे कागद गावाच्या ऑफिसात आहेत. कुमारन आहे, त्याच्या दोन्ही पोरी आहेत. गावाची शाळा बंद पडणार होती, पोरं कमी होती, कुमारनच्या पोरींमुळे आणि दोन पोर्तुगाली घरांमुळे वाचली. आम्ही सीझनवाले पाटीवर नाही. ज्यांचे मोठेमोठे लाकडी बंगले आहेत आणि जे वर्षातून दहा दिवस येतात, ते पण नाहीत. ती म्हणाली, तिचा हिशेब वेगळा आहे. जो आपल्या दारातला बर्फ स्वतः काढतो तो इथला.

अजून ऐका. हे गाव आधी काहीच नव्हतं. गाई, गवत आणि उपास. लेकरं मोठी झाली की खालच्या मुलखात कामाला धाडायचे, कारण घरी खायला नसायचं. मग एक इंग्रज पहाड चढायला आला आणि पडला. पाय मोडला. सहा आठवडे पाद्रीबाबाच्या घरी खाटेवर होता. घरी गेल्यावर सगळ्यांना सांगत सुटला, काय हवा आहे, काय दूध आहे. पुढच्या वर्षी बारा इंग्रज आले. त्यांना झोपायला जागा पाहिजे, वर न्यायला माणूस पाहिजे, चहा पाहिजे. झालं गाव. त्याचा पाय शाबूत राहिला असता तर आज मी इथे पोहे करून नसतो राहिलो.

आता खरं सांगायचं ते. मंगळवारी दोन बस एकदम आल्या, नव्वद लोक, त्यात चाळीस जैन. महाराज घामाघूम. ते अमरावतीकडचे आहेत, लग्नाची पंगत उठवण्यात जन्म गेला. त्यांनी मला जोरात हाक मारली, "ए कोठीवाले, कोठीतून रवा काढ." आणि स्वतःच थांबले. मग हसू लागले. म्हणाले, अरे, तू तर नावाप्रमाणे खराच कोठीवाला निघालास.

मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, आमच्याकडे लग्नात सामानाची खोली असते ना, तांदूळ, तूप, गूळ, तिला कोठी म्हणतात. ती सांभाळतो तो कोठीवाला. त्याच्याकडे किल्ली असते. आचाऱ्यालाही त्याला विचारून तूप घ्यावं लागतं.

आत्या, मी आजवर कोठी म्हणजे हिंदीतली कोठीच समजत होतो. बंगला. जबलपूरमध्ये सगळे तेच समजतात. शाळेत पोरं मला नवाबसाहब म्हणायची. पण आपण तर मराठी आहोत ना? मग आपलं नाव हिंदीत काहून असेल?

मी भांडत नाही, खरंच विचारून राहिलो. आपण कोणत्या कोठीचे?

आणखी एक. हॉटेलच्या मालकीणबाई म्हणतात, हिवाळ्यातही आता आपल्याकडची माणसं येतात, महाराज घरी जाणार, तर स्वयंपाकघर तू बघ. मदतनीस नाही, आचारी. कागद त्याच करतील. नोव्हेंबरच्या शेवटपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. रंगाच्या दुकानाचं मी वाचलं. मला राहायचं आहे आत्या. पण बाबांनी "राहा" म्हटल्याशिवाय राहणार नाही. एकदा न विचारता गेलो, परत तसं करणार नाही.

सुशांत

*

जबलपूर
१९ ऑगस्ट २०२५

सुशांत,

तुझं पत्र पोस्टमनने दादाच्या हातात दिलं आणि त्याने ते फोडलं. माझ्या नावाचं पाकीट त्याने आयुष्यात पहिल्यांदा फोडलं. मी भाजी घेऊन आले तर पत्र टेबलावर, त्यावर त्याचा चष्मा, आणि दादा नाही.

आल्यावर म्हणाला, "आचारी झाला तेवढं पुरे नव्हतं, आता आपल्या आजोबाला खोटं पाडायला निघाला." मी म्हटलं, अरे, पोराने विचारलंय फक्त. तर म्हणाला, "नवाबसाहब तर मलाही म्हणायचे फॅक्टरीत. मला आवडायचं ते."

त्यानंतर तो ताट घेऊन बाल्कनीत जेवतो. पाऊस असला तरी.

तू आता या विषयावर लिहू नकोस. थोडे दिवस फक्त हवापाण्याचं लिही. मी पुढच्या आठवड्यात दोन दिवस घरी नसेन. कुठे ते विचारू नकोस.

आत्या

*

राउटबोडेन
२८ सप्टेंबर २०२५

आत्या,

हवापाणी असं आहे, की हवा थंड आहे आणि पाणी बाटलीपेक्षा नळाचं चांगलं आहे.

महाराज परवा घरी गेले. जाताना त्यांची कढई माझ्याजवळ ठेवून गेले, म्हणाले, विमानात वजन होते. खोटं बोलले, कढई त्यांनी बॅगेत आधी बांधली होती. बस आता आठवड्यातून एक येते. दुकानं चारलाच बंद. हे गाव रिकामं कसं होतं ते मी पहिल्यांदा पाहून राहिलो. मेळा उठल्यावर भेडाघाट दिसतो ना, तसं. पण तिथे नदीचा आवाज तरी असतो.

संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा कोणत्या खिडकीत दिवा लागला ते बघतो. आमच्या गल्लीत वीस घरं आहेत आणि दिवे पाच. सगळ्यात मोठा बंगला, ज्याच्यासमोर आपली माणसं सेल्फी काढतात, त्याच्या खिडक्या मी आलो तेव्हापासून उघडल्या नाहीत. त्याचा मालक कोण ते आजीलाही माहीत नाही. ती म्हणाली, तिच्या लहानपणी इथली म्हातारी माणसं म्हणायची की आपण गरीब आहोत पण गावात दिवे आहेत.

तुम्ही जनगणनेत त्या बंगल्यावर "बंद घर" लिहिलं असतं आणि पुढे गेल्या असता. आणि माझ्या खोलीवर काय लिहिलं असतं? मी झोपतो इथे. पण पाटीवर नाही. तिथे आपल्या घरी माझं नाव रेशन कार्डावर आहे आणि पलंग रिकामा. बाबा बोलत नाहीत म्हणजे मी तिथल्या हिशेबातही आहे की नाही, माहीत नाही. हे रडगाणं नाही, मला खरंच प्रश्न पडला आहे.

त्या विषयावर लिहू नको म्हणालात, नाही लिहिलं. पण तुम्ही दोन दिवस कुठे गेला होता?

बाबांना सांगा, एकच शब्द पाहिजे. राहा, नाहीतर ये. "ये" म्हणाले तर मी येईन, रंगाच्या दुकानात बसेन. पण त्यांच्या तोंडून.

सुशांत

*

जबलपूर
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुशांत,

सिहोऱ्याला गेले होते. चंद्रशेखरकाकांकडे. आमच्या बाबांचे चुलतभाऊ, नव्वदीला आले, पण दात सोडून सगळं जागेवर आहे. बसमध्ये शेजारी कोंबड्यांची टोपली होती, ते असो. काका मला पाहून म्हणाले, "काय गं, कोण मेलं?" त्यांच्याकडे आपण दुसऱ्या कशासाठी गेलोच नाही कधी.

मी सरळ विचारलं, काका, आपली कोठी कोणत्या रस्त्यावर होती? ते इतके हसले की त्यांच्या सुनेने, संपदाने, पाणी आणलं. म्हणाले, "रस्त्यावर कुठली, बैलगाडीवर होती."

त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलं ते असं. नागपूरहून भोसल्यांची फौज इकडे आली, तिच्याबरोबर जो मुदपाकखाना होता त्याच्या कोठीवर आपला माणूस. तांदूळ, तूर, तूप, गूळ, चार गाड्या. सरदार नाही, शिलेदार नाही, कारकूनसुद्धा नाही. पुढे फौज परत निघाली तेव्हा त्याची बायको बाळंत झालेली होती, तिला हलवता येईना. तो म्हणाला, मागून येतो. ते मागून येणं राहून गेलं. मागे राहिलेल्या आणि नंतर आलेल्या मराठी लोकांना दुपारी जेवायला कुठे जायचं हा प्रश्न असायचा, तर ते त्याच्याकडे जायचे. काका म्हणाले, "फौज गेली, कोठी राहिली. या शहरातला निम्मा मराठी माणूस आपल्या पंगतीला बसून मोठा झाला." निम्मा की कमी, देव जाणे. काका वाढवून सांगतात.

मग बंगला कुठून आला? काकांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, साहेबांच्या राज्यात मुलं हिंदी शाळेत गेली, कोणीतरी विचारलं, कोठीवाले, कहाँ है कोठी? पोराने बोट दाखवलं असेल. ज्याला बंगला दाखवता येतो तो बैलगाडी कशाला दाखवेल?

निघताना काकांनी दादाचं विचारलं, "मुरली काय करायचा फॅक्टरीत?" मी म्हटलं, स्टोअरकीपर. तीस वर्षं. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा हसायला लागले. मला बसमध्ये बसेपर्यंत कळलं नाही.

हे सगळं मी दोन महिने पोटात ठेवलं. पाडव्याच्या दिवशी फराळाला दादा आत येऊन बसला, बाल्कनीत पणत्या मांडल्या होत्या म्हणून. तेव्हा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. चकली हातात तशीच. मग म्हणाला, "सुहास, हे तू मला साठीच्या आत का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत होतं. तो उठला, चप्पल घातली, आणि मदन महाल किल्ल्याच्या पायऱ्यांकडे गेला. दिवेलागणीला आला. 

"राहा" की "ये", ते मी विचारलं नाही. आज विचारलं असतं तर "ये" म्हणाला असता, आणि ते त्याने रागाने म्हटलेलं तुला वर्षभर पाळावं लागलं असतं.

आपल्या गल्लीतलं तू विचारलंस नाही, तरी सांगते. दिवाळीला मोजले. मराठी घरं होती अकरा, दिवे तीन घरांत. बाकीच्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला. कुलूप लावून जातात आणि बहुतेक जण किल्ली आपल्याकडे ठेवतात. दादाच्या खुंटीवर सहा घरांच्या किल्ल्या आहेत. प्रत्येकीला त्याने चिठ्ठी बांधली आहे.

आत्या

*

राउटबोडेन
८ नोव्हेंबर २०२५

आत्या,

बैलगाडीवर होती हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटा हसत बसलो. कुमारनने विचारलं, लॉटरी लागली का?

मी आजीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. माझ्या इंग्रजीत मुदपाकखाना कसा सांगणार, तर हाताने पातेली दाखवली, गाड्या दाखवल्या. तिला लगेच समजलं. ती म्हणाली, हां, आता पत्ता सापडला. मग एक मजेची गोष्ट सांगितली. त्यांच्या भिंतीवर ती खुर्ची काही पहिल्यापासून नाही. तिच्या आजोबांनी ती चुन्याने पुसली होती. हॉटेल काढलं, चार पैसे आले, लाज वाटली. भिंतीवर गरुड काढला. मग तिच्या वडिलांनी गरुड खरवडला, खाली खुर्ची होतीच. मी विचारलं, आजोबा काही बोलले नाहीत का? ती म्हणाली, एक वर्ष मागच्या दाराने घरात शिरत होते.

हे बाबांना सांगा किंवा नका सांगू. मला वाटतं एक वर्ष पुष्कळ झालं.

मालकीणबाईंनी परत विचारलं. मी म्हटलं, घरून पत्र येणार आहे. त्या म्हणाल्या, फोन कर ना. मी म्हटलं, आमच्या घरी असं चालत नाही. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. तोवर पत्र नाही आलं तर मी नाही म्हणून सांगेन, बॅग भरेन. त्याच्यात नाराजी नाही. पण बाबांच्या मनात काय आहे ते न कळता इथे राहिलो, तर मी पण त्या बंद बंगल्यासारखाच झालो ना, कागदावर घर आणि आत कोणी नाही.

अच्छा, आत्या, तुम्ही कोंबड्यांसोबत सिहोऱ्याला गेल्या, ते माझ्यासाठी गेल्या. हे मी लिहून ठेवतो, कारण फोनवर बोललो असतो तर तुम्हाला ऐकू नसतं आलं.

सुशांत

*

जबलपूर
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुशांत,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. वेळेत पोचो.

तुझं पत्र मी मुद्दाम फोडलं नाही. टेबलावर ठेवलं आणि देवळात गेले. परत आले तर दादा स्वयंपाकघरात स्टुलावर उभा. वरच्या फळीवरचे डबे सगळे खाली. मला म्हणाला, "या तांदळात किडे आहेत. तुझं लक्ष कुठे असतं?" मग तूर उन्हात काढली, डबे पुसले, झाकणांवर तारखा लिहिल्या. दुपारी जेवताना, आत बसून जेवताना, म्हणाला, "त्या खुर्चीवाल्या बाईचा बाप मोठा हट्टी दिसतो."

मग हात धुताना म्हणाला, "कोठी तर होतीच ना. आपण खोटं बोललो नाही. फक्त कोणती ते विसरलो."

आणि मग प्रश्न सुरू झाले. तिथे तूर कुठून येते? बर्फ पडला की गाडी येते का? माल उतरवताना कोण मोजून घेतं? सामानाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? मी म्हटलं, मला काय ठाऊक, तूच लिही. म्हणाला, मला मराठी लिहायची सवय नाही. तीस वर्षं फॅक्टरीत हिंदीतच लिहिलं. मी पेन दिलं आणि भांडी आवरायला गेले. खाली त्याचं आहे. शुद्धलेखन मी सुधारलेलं नाही.

आत्या

सुशांत,
साठा कमीत कमी पंधरा दिवसाचा ठेव. बर्फामधे सप्लाय बंद होते. जुना माल पहले, नया बादमे. तांदळात कडूनिंबाचा पाला ठेवतात, तिथे नसेल तर लवंग चालते. माल स्वता मोजून घे, दुसऱ्यावर सोडू नको. कोठीची किल्ली कोणाला देऊ नको.
मार्चमधे स्टॉक संपेल तेव्हा कळव.
मुरलीधर कोठीवाले

*

राउटबोडेन
२८ नोव्हेंबर २०२५

बाबा,

पत्र काल आलं. दोनदा वाचलं, मग मालकीणबाईंकडे जाऊन हो सांगितलं. त्यांनी विचारलं, घरचे काय म्हणाले? मी म्हटलं, पंधरा दिवसांचा साठा ठेव म्हणाले. त्यांना काही समजलं नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. तूर झुरिकहून येते, एका तामिळ माणसाचं दुकान आहे, भाव ऐकाल तर झोप नाही येणार. गाडी आठवड्यातून दोनदा, बर्फ जास्त झाला तर एकदा. म्हणून पंधरा नाही, वीस दिवसांचा साठा धरला. माल मीच मोजून घेतो. कडुनिंब इथे नाही, लवंग टाकली. तांदूळ तीन जागी ठेवला, जुना पुढे.

एका गोष्टीत तुमचं नाही ऐकलं. किल्ली माझ्याकडे आहे, पण दुसरी कुमारनला दिली. मला ताप आला आणि नव्वद माणसं जेवायची थांबली, तर ते आपल्या नावाला शोभणार नाही. तुम्ही रागवाल, माहीत आहे. पत्रात रागवा, मी वाचेन.

काल इथे चांगला बर्फ पडला. सकाळी उठून हॉटेलच्या मागच्या दारातला मीच काढला, कोणी सांगितलं नव्हतं. हात सुजले. वेरेना आजी काठी टेकत जात होती, ती थांबून पाहत राहिली. मग माझ्या फावड्याकडे बोट दाखवून म्हणाली, उलटं धरलंस.

आत्याला सांगा, शुद्धलेखन या वेळी तुम्ही तपासा.

मार्चमध्ये येतो. सिहोऱ्याच्या काकांकडे तुम्ही आणि मी जाऊ, कोणी मेलं नसतानाच. त्यांना गाड्या कोणत्या बाजूने आल्या ते विचारायचं आहे, आणि त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं ते पण.

या महिन्याचे पैसे आत्याच्या खात्यात नाही टाकले. तुमच्या खात्यात टाकले आहेत, बँकेत जाऊन पासबुकावर चढवून घ्या. रुपये तेवीस हजार चारशे.

सुशांत